जंगलातल्या अळंब्यांचे नमुने: सुकवायच्या आधी काय काय लिहून ठेवायचं

तुझा प्रश्न वाचला. थोडक्यात तू विचारलंयस ते असं की बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, बोरिवलीला राहतोस, दोन पावसाळे मित्रांबरोबर फिरून फोनमध्ये चारशेच्या आसपास अळंब्यांचे फोटो जमलेत, काही अळंब्या घरी आणून पेपरात गुंडाळून सुकवायला ठेवल्यास तर त्या काळ्या पडून चिकट झाल्या, आणि आता रीतसर कलेक्शन करायचंय तर सुरुवात कुठून करू. आणि जाता जाता एक ओळ टाकलीयस की बिल्डिंगच्या लॉनवर मोठ्या पांढऱ्या छत्र्या आल्यात, शेजारच्या काकू म्हणतात ह्याची भाजी करतात, करून बघू का. मी आधी ह्या ओळीचं उत्तर देते. नाही. अजिबात नाही. काकूंनाही आजच जाऊन सांग.

मुंबईत सोसायटीच्या लॉनवर, मैदानात, बागेत पावसाळ्यात जी मोठी पांढरी, वर तपकिरी खपल्या असलेली, दांड्यावर कडं असलेली छत्री येते ती बहुतेक वेळा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस निघते. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, लहान मुलं आणि म्हातारी माणसं तर सलाइनवर जातात. कोवळी असताना तिचे गिल्स (टोपीखालचे पातळ पडदे) पांढरे असतात म्हणून माणूस फसतो. ती ओळखायची खात्रीची खूण म्हणजे स्पोअर प्रिंट, म्हणजे टोपीखालून गळणाऱ्या बीजाणूंचा (स्पोअर) ठसा, ते कसं काढायचं ते खाली सांगतेच. आणि हे पण लक्षात ठेव की पटकन त्रास झाला नाही म्हणजे अळंबी चांगली होती असं नसतं. अमॅटॉक्सिन नावाचं विष असलेल्या अळंब्यांचा त्रास सहा तासांनंतर, कधी कधी अख्ख्या दिवसाने सुरू होतो, मग मधे एक दिवस बरं वाटतं आणि त्याच वेळात लिव्हर खराब होत असतं. मी बावीस वर्षं अळंब्या गोळा करतेय आणि स्वतः ओळखलेली एकही जंगली अळंबी मी घरात शिजवलेली नाही. गोळा करणं हे एक काम आणि खाणं हे दुसरं, दोन्ही एका पिशवीत घालू नकोस.

आता परवानगीचं. तुझ्या घरापासून संजय गांधी नॅशनल पार्क चालत दहा मिनिटांवर असेल, पण तिथून अळंबी उचलणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, राष्ट्रीय उद्यानातून वनोपज किंवा कुठलाही जंगली जीव काढायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ती तुझ्या एकट्याच्या नावावर मिळणं अवघड, कॉलेजच्या प्रोजेक्टखाली गाईडच्या सहीने अर्ज करावा लागतो. येऊर म्हणजे ठाण्याकडून तेच उद्यान, तिथेही हाच नियम. तुंगारेश्वर, कर्नाळा ही अभयारण्यं, तिथेही परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. आरेचा काही भाग राखीव वन जाहीर झालाय, तेव्हा तिथेही आधी विचारून घे. परवानगी नसेल तोपर्यंत पार्कात फक्त बघ, रस्ता न सोडता फोटो काढ, नोंदी कर. शिकायचं ते सोसायटीच्या कंपाउंडात, रस्त्याकडेच्या रेन ट्री आणि गुलमोहराच्या बुंध्याशी, पावसात पडलेल्या फांद्यांवर, कुणाच्या गावच्या मालकीच्या शेतात. खरं सांगते, माझ्या पहिल्या शंभर नंबरांमधले साठेक नमुने मुलुंडमधल्या दोन गल्ल्यांमधले आहेत. स्किझोफायलम, गॅनोडर्मा, ऑरिक्युलारिया, डाल्डिनिया, कुंडीतली ती पिवळी ल्युकोकोप्रिनस, हे सगळं तुला रिक्षा न करता मिळेल.

आता मुख्य गोष्ट, आणि बाकी सगळं विसरलास तरी चालेल पण ही नको विसरू. अळंबी सुकली की तिच्यातलं निम्मं शास्त्र उडून जातं. रंग जातो, वास जातो, चिकटपणा जातो, कापल्यावर कुठला रंग चढत होता ते जातं, टोपीचा आकार जातो, गिल्स दांड्याला कशा जोडल्या होत्या ते धड दिसत नाही. झाडाचं पान दाबून सुकवलं तर पन्नास वर्षांनी पण पानच दिसतं, अळंबी सुकवली की तपकिरी चुरगळलेलं काहीतरी उरतं आणि दहा वेगवेगळ्या जाती एकसारख्या दिसायला लागतात. म्हणून नमुना म्हणजे ती सुकलेली वस्तू अधिक तू ताजी असताना लिहिलेला कागद. ह्यातला कागद गेला तर वस्तू कुणाच्या कामाची नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. सुरुवातीची तीन वर्षं जमवलेले नमुने मी जिथे काम करायचे तिथल्या एका कपाटात पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये ठेवले होते. एका ऑक्टोबरमध्ये खोकं उघडलं तर आत बारीक तपकिरी पीठ आणि त्यात फिरणारे ते छोटे गोल किडे, मसाल्याच्या डब्यात होतात ना तेच. दोनशेच्या वर नमुने गेले. मी तिथेच स्टुलावर बसून रडले होते. पण नंतर वही काढून बघितलं तर ज्या साठ-सत्तर नमुन्यांच्या नोंदी मी त्याच दिवशी संध्याकाळी नीट लिहिल्या होत्या, स्पोअर प्रिंट वेगळ्या पाकिटात होतं, फोटो होते, त्यांच्यावर नंतर काम करता आलं, आणि जे नुसते नंबर टाकून ठेवले होते की नंतर सावकाश लिहू, त्यांचं काहीही उरलं नाही.

आता प्रत्यक्ष मैदानात काय करायचं. सामान फार लागत नाही, एक पातळ पात्याचा चाकू, एक खुरपी, पेन्सिल (पेन नको, पावसात शाई पसरते), कागदाच्या आधीच नंबर घातलेल्या चिठ्ठ्या, छोटी पट्टी, भिंग, बटर पेपर, दोन-तीन स्टीलचे डबे आणि अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. प्लॅस्टिकची पिशवी नको म्हणजे नकोच. मुंबईच्या उकाड्यात प्लॅस्टिकमध्ये अळंबीला घाम फुटतो आणि बोरिवलीहून दादरला पोचेपर्यंत तिचा लगदा होतो, तुझ्या काळ्या पडलेल्यांमध्ये हे कारण नक्की असणार. बटर पेपर किंवा पेपरची पुडी, नाजूक मायसिना असेल तर ट्रेच्या खाचेत खाली ओलं पान ठेवून, वर डब्याचं झाकण. गर्दीच्या ट्रेनमध्ये डबाच टिकतो.

उचलायच्या आधी फोटो. एक आजूबाजूच्या जागेसकट, एक जवळून, एक खालून गिल्स दिसतील असा, फोन जमिनीवर टेकवून. मग उपटून आडवी ठेवून पट्टीसकट, मग उभी चिरून आतला गर दिसेल असा. पट्टी विसरलास तर दहा रुपयांचं नाणं ठेव, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. झाडाखालच्या हिरव्या उजेडात फोन रंग बदलून दाखवतो, पांढऱ्याचं हिरवट करतो, तेव्हा फोटोवर विसंबू नकोस, उघड्यावर येऊन डोळ्याने बघून रंग शब्दात लिही. लिहिताना पण नुसतं तपकिरी लिहू नकोस, चहासारखा की खजुरासारखा की ओल्या विटेसारखा ते लिही, आपल्याला रोजच्या वस्तूंचे रंग पक्के माहीत असतात.

आणि उपटायची म्हणजे मुळापासून. भाजी खुडल्यासारखी कापायची नाही, कारण ओळखायची अर्धी खूण मातीत असते. अमॅनिटा, व्होल्व्हरिएला ह्यांच्या बुडाशी पिशवी असते, ती खाली राहिली की वर नुसती एक छत्री उरते, आणि विषारी जातींमधली एक मोठी खूण हीच पिशवी आहे.

मला हे बदलापूरच्या पुढे एका पाड्यावर एका कातकरी आजीने शिकवलं, पुस्तकाने नाही. श्रावणातली सकाळ होती, बांधावर शंभरेक अळंब्या फुटलेल्या, टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा, टर्मिटोमायसिस. मी दोन पटापट ओढल्या आणि दोन्ही जमिनीलगत तटकन मोडल्या. आजी म्हणाली, ओढू नको बाय, खालून ये. तिने काठीच्या टोकाने बाजूची माती भुसभुशीत करत करत हात कोपरापर्यंत आत घातला आणि दांड्याखालचं ते लांब मूळ हळूहळू मोकळं केलं, वरून काळपट, आतून पांढरंशुभ्र, खाली जाता जाता करदोट्याइतकं बारीक झालेलं. तळाशी ते वाळवीच्या घरातल्या राखाडी स्पंजासारख्या गोळ्यावर जाऊन टेकलं होतं आणि त्या स्पंजावर खसखशीपेक्षा जरा मोठे पांढरे दाणे. वाळवी पालापाचोळा खाऊन तो गोळा बांधते, बुरशी त्यावर वाढते आणि वाळवी ती बुरशी खाते. मी मोडलेल्या दोन अळंब्यांच्या चिठ्ठीवर आधी "जमिनीवर" असं लिहिलं होतं. ते खोडून "वाळवीच्या घरावर, मूळ अंदाजे ४० सेंमी खोल" असं लिहिलं आणि तेव्हापासून मी चिठ्ठीवर "जमिनीवर" हा शब्द खणून बघितल्याशिवाय लिहिलेला नाही.

तर कशावर उगवलीय हे लिहायला वेळ दे. माती, पालापाचोळा, शेण, मेलेलं लाकूड, जिवंत झाड, वारूळ. लाकूड असेल तर कुठल्या झाडाचं, साल शिल्लक आहे का, हाताने चुरा होतो का. आजूबाजूला पाच-सहा मीटरमध्ये कुठली झाडं आहेत ते पण, साग, ऐन, बांबू, करवंद जे काय असेल ते. झाड ओळखता येत नसेल तर पानाफुलाचा फोटो त्याच नंबराखाली घे आणि वनस्पतीवाल्या मित्राला विचार. हे मी इतकं ताणून सांगते कारण सगळे इंटरनेटवरून युरोप-अमेरिकेच्या अळंब्यांशी जुळवत बसतात, आणि तिकडच्या कितीतरी प्रसिद्ध अळंब्या ओक, बर्च, पाइनच्या मुळांशी जोडून जगतात. आपल्या सागाच्या आणि ऐनाच्या जंगलात ती झाडंच नाहीत. तेव्हा ॲपने तिकडचं एखादं नाव सुचवलं आणि तुझ्या चिठ्ठीवर "सागाच्या कुजक्या ओंडक्यावर" असं लिहिलेलं असेल तर ॲप चुकलंय हे तुला जागेवर कळेल.

बाकी चिठ्ठीवर तारीख, वेळ, गाव आणि नेमकी जागा, फोनमधले अक्षांश-रेखांश (दाट झाडीत ते वीस-तीस मीटर इकडेतिकडे होतात, फोन किती अचूकता दाखवतोय ते पण टाक), उंची, कोण बरोबर होतं, आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस कसा होता. नंबर एकच सलग मालिका ठेव, दरवर्षी एकपासून सुरू करू नकोस, नाहीतर पाच वर्षांनी तुझ्याकडे पाच सतरा नंबर असतील. एका दिवसात आठ-दहापेक्षा जास्त नमुने घेऊ नकोस, संध्याकाळी तेवढेच नीट लिहून होतात. सापडेल ते सगळं उचलायचा मोह होतो, मला अजूनही होतो, पण न लिहिलेला नमुना म्हणजे उगीच उपटलेली अळंबी.

घरी आल्यावर आंघोळ करायची (पायाला चिखलातल्या जखमा असतील तर साबणाने नीट धुवायच्या, लेप्टोस्पायरोसिसचे दिवस असतात) आणि लगेच बसायचं. वास घे, थोडा गर बोटात चुरून, कच्च्या बटाट्याचा, पिठाचा, लसणाचा, मुळ्याचा, जो आठवेल तो लिही, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी न सांगता वास द्यायचा आणि त्यांचं पण लिहायचं. चव घ्यायची नाही. गर कापून एक मिनिट, पाच मिनिटं, पंधरा मिनिटांनी रंग बदलतो का बघ. गिल्स दांड्याला चिकटतात का, मोकळ्या आहेत का, खाली उतरतात का, हे चित्र काढून दाखव, चित्र वाईट आलं तरी चालेल.

स्पोअर प्रिंटसाठी दांडा कापून टोपी गिल्स खाली करून काचेवर किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची, पंखा बंद किंवा दुसऱ्या खोलीत. कागदावर पण येतं पण पांढरं प्रिंट पांढऱ्या कागदावर दिसत नाही, काच असली की खाली काळा कागद धरा, पांढरा धरा, दोन्ही बघता येतं आणि ब्लेडने खरवडून पाकिटात भरता येतं. टोपी कोरडी वाटली तर वरून पाण्याचा एक थेंब. चार तासांपासून रातभर. सकाळी वाटी उचललीस की गिल्सची बारीक किरणं काचेवर उमटलेली दिसतात, टर्मिटोमायसिसची फिकट गुलाबी, (गॅनोडर्माला गिल्स नसतात, बारीक छिद्रं असतात, तिचं प्रिंट कोकोसारखं तपकिरी), आणि तुझ्या लॉनवरच्या त्या पांढऱ्या छत्रीची जर माझा अंदाज बरोबर असेल तर मळकट हिरवी. हिरवं प्रिंट देणाऱ्या अळंब्या फार थोड्या आहेत, त्यामुळे तो रंग दिसला की काकूंना काच नेऊन दाखव, त्यांचा विश्वास बसेल.

आता सुकवणं, आणि मुंबईत खरा घोळ इथेच होतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतच इतकी ओल असते की पंख्याखाली ठेवलेली अळंबी सुकत नाही, ती कुजते आणि तिच्यावर दुसरी बुरशी चढते. ऊन मिळत नाही, मिळालं तरी तासाभराचं. ओव्हन नको, मायक्रोवेव्ह तर मुळीच नको, त्यात ती शिजते, आणि शिजलेल्या नमुन्यात पेशीही नीट दिसत नाहीत आणि डीएनए पण खराब होतो. भाज्या-फळं सुकवायचं डिहायड्रेटर मशीन मिळतं ते घे, ४० ते ४५ अंशांवर ठेव. पैसे नसतील तर मी पहिली आठ वर्षं वापरला तो खोका कर. पत्र्याचा किंवा लाकडी खोका, तळाशी ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब (एलईडी गरम होत नाही, त्याचा उपयोग नाही), बल्बपासून वीतभर वर चाळणीसारखी जाळी, खाली दोन बाजूंना आणि वर झाकणाला भोकं. भोकं विसरू नकोस, गरम हवा वर निघून गेली पाहिजे, बंद खोक्यात नुसती वाफ कोंडते. जाळीवर थर्मामीटर ठेवून बघ. बल्ब पुठ्ठ्याला टेकू देऊ नकोस आणि घरात कुणी नसताना चालू ठेवू नकोस. मोठी मांसल अळंबी उभी दोन भागांत चिरून ठेव. छोट्या सहा-सात तासांत होतात, मोठ्यांना पूर्ण दिवस लागतो. झाली की नाही ते वाकवून बघायचं, पापडासारखी कटकन मोडली तर झाली, चामड्यासारखी वाकली तर अजून वेळ आहे.

आणि काढली की गरम असतानाच झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसकट. टेबलावर ठेवून जेवायला गेलास तर तासाभरात ती हवेतली ओल पिऊन परत मऊ होते, हे मी माझ्या डोळ्याने कितीदा तरी बघितलंय. सिलिका रंग बदलणारी घे, पण निळी नको, निळीत कोबाल्ट क्लोराइड असतं, नारिंगी मिळते ती घे. मग ती बंद पिशवी फ्रीझरमध्ये किमान एक-दोन आठवडे, किड्यांची अंडी मरायला, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतल्या नमुन्यावर दव धरतं, घराच्या तापमानाला येऊ दे. दर पावसाळ्यानंतर हे परत करायचं. डांबरगोळ्यांनी अंडी मरत नाहीत आणि तुझ्याच छातीत वास जातो.

डीएनएसाठी वेगळा तुकडा ठेवायचा असेल तर सुकवायच्या आधी टोपीच्या आतला स्वच्छ गर, तांदळाच्या दाण्याएवढा, भरपूर सिलिकात. फॉर्मलिनमध्ये काही टाकू नकोस. बुरशींच्या डीएनएमधला आयटीएस नावाचा भाग २०१२ पासून जात ओळखायचा बारकोड म्हणून मानला जातो, पुढे कुणी लॅबवाला तयार झाला तर हा तुकडा कामी येतो. मायक्रोस्कोपचं कॉलेजात शिकशील, एवढंच सांगते की स्पोअर मोजायचे ते प्रिंटमधले, कारण गिल्समध्ये अर्धे कच्चे असतात, आणि निदान वीस-तीस मोजायचे.

नावाची घाई करू नकोस. माझ्या वहीत आजही कितीतरी नंबरांपुढे नुसतं "मायसिना, लहान, राखाडी, बांबूच्या पानावर" असंच आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. चुकीचं नाव एकदा लागलं की ते पुढे सगळीकडे फिरत राहतं. नमुने चांगले जमले की कायमचे एखाद्या संस्थेत द्यायचे, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर यांच्या नावाचं बुरशींचं हर्बेरियम, म्हणजे सुकवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे, पण आधी पत्र लिहून विचारायचं आणि सोबत पूर्ण नोंदी आणि परवानगीचा कागद असायला हवा.

एक मनापासून सांगते. पाड्यावरच्या बायका ज्या वारुळावरून दरवर्षी अळंब्या काढून पानांत बांधून बाजारात विकतात, ते त्यांचं आठवड्याचं मीठमिरचीचं उत्पन्न असतं. तिथून दोन मागून घे, विकत घे, जागा उघड करू नकोस. कुणी तुला नाव किंवा उपयोग सांगितला तर त्यांना विचारून त्यांचं नाव नोंदीत लिही, नको म्हणाल्या तर गावाचं लिही.

तुझे ते चारशे फोटो वाया गेलेले नाहीत. ज्यांच्या खालच्या बाजूचा फोटो आहे आणि कशावर उगवलीय ते तुला आठवतंय तेवढे वेगळे काढ, चाळीस निघाले तरी पुष्कळ, आणि आठवतंय तोवर ह्याच आठवड्यात लिहून काढ, पण "आठवणीतून लिहिलं" असं स्पष्ट टाक. आणि नंबर १ लॉनवरच्या त्या पांढऱ्या छत्रीला दे. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचार, खुरपीने बुडासकट काढ, फोटो, वास, चित्र, रात्री काचेवर ठेव. सकाळी किती वाजता वाटी उचललीस आणि काय रंग दिसला ते मला कळव, आणि हात साबणाने धू.